मागचा आवाज

मार्च लागला की आमची कॉलनी हळू बोलू लागते. एरवी रायपुरात हे व्हायचं नाही. वरातीचे डीजे, भाजीवाल्याचा भोंगा, समोरच्या घरातला टीव्ही, सगळं आपापल्या जोरात चालू असतं. पण बोर्डाच्या परीक्षा आल्या की आया दारं हातानं धरून लावतात, मिक्सर सकाळीच उरकून घेतात, आणि दुपारी कडुलिंबाची वाळकी पानं गच्चीवर सरकतात तर त्यांचाही आवाज घरात ऐकू येतो. लोकांना ही शांतता आवडते. मला तिची किळस येते.

किळस हा शब्द लिहिताना थोडा थांबलो. कंटाळा लिहावं का, असं वाटलं. पण कंटाळा नाही. नळाखाली हात धुतल्यावरही बोटांना एखादा वास राहून जातो आणि आपण पुन्हा पुन्हा बोटं नाकाशी नेतो, तसलं काहीतरी आहे ते.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चात माझी मुलगी गार्गी बारावीला होती. मी कचेरीतून पंधरा दिवसांची रजा काढली होती. तिला पेपराला सोडायचं आणि घेऊन यायचं, एवढंच काम. मधल्या वेळात घरात माणूस नकोसा होतो. माझी बायको सुनंदा म्हणाली, "एका जागी बसून काही तरी करा. नुसते फिरू नका पोरीच्या खोलीपुढून."

म्हणून मी तबकड्यांचं काम काढलं.

मला गाणं ऐकायचा शौक. खरं सांगायचं तर त्याहून मोठा शौक हा, की लोकांनी मला गाण्यातला जाणकार म्हणावं. आमच्या मराठी संगीत मंडळाचा मी बरीच वर्षं सचिव होतो. माझ्याजवळ चाळीसेक तबकड्या होत्या. दिसायला सीडीसारख्या, पण त्यांच्यात आवाज सीडीपेक्षा कितीतरी बारकाईनं साठवलेला असतो. तानपुऱ्याच्या तारेवरून बोट सुटतं, तेही ऐकू येतं. मी पाहुण्यांना सोफ्याच्या बरोबर मध्यभागी बसवायचो आणि विचारायचो, "फरक कळला का?" बिचारे हो म्हणायचे. चहा थंड होऊन जायचा, पण मी त्यांना उठू देत नसे. ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

तर या तबकड्या कॉम्प्युटरला वाचता येत नाहीत. बनवणाऱ्यांनी तशी सोयच ठेवलेली नाही. माझा प्लेयर अडखळू लागला तेव्हा मी घाबरलो. तो बंद पडला असता तर चाळीस तबकड्यांच्या नुसत्या चकत्या झाल्या असत्या. मग कळलं, की काही जुन्या प्लेयरांना पेनड्राइव्हमधून एक छोटा प्रोग्राम दिला, की ते तबकडी वाचतात आणि नेटवर्कच्या तारेतून जशीच्या तशी कॉम्प्युटरकडे पाठवतात. नागपूरच्या एका ओळखीच्या माणसानं असला एक प्लेयर माळ्यावरून काढून दिला. पेनड्राइव्ह लावला की त्याचा ट्रे आपणहून बाहेर यायचा. तबकडी ठेवायची, ट्रे आत ढकलायचा आणि पडद्यावर सरकणारे आकडे पाहत बसायचं. एका तबकडीला जवळपास तास लागे. हे काम मला फार पवित्र वाटत होतं. आपण काहीतरी वाचवतो आहोत, असं.

पहिल्याच दिवशी गार्गीनं दारातून डोकं बाहेर काढलं. घरात आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते.

"बाबा, प्लीज़. कल केमिस्ट्री है."

मग मी स्पीकर बंद करून जुने हेडफोन काढले. त्यांच्या गाद्यांचं काळं रेक्झिन सुटत होतं. कानावरून उतरवले की गालावर, मानेवर काळे कपटे चिकटलेले असायचे. घामानं ते वितळल्यासारखे व्हायचे, पुसले की पसरायचे. त्या मार्चातलं मला आज सगळ्यात आधी हेच आठवतं. पण हेडफोन लावले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं. मी चाळीस तबकड्यांचा उद्धार करून, हात झटकून, स्वतःवर खूश राहिलो असतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुमुदताईंचा फोन आला.

कुमुदताई बूढ़ापाऱ्यात राहतात. तेव्हा सत्तरीच्या आसपास होत्या. तळ्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत संध्याकाळी गाण्याचा क्लास. नवरा लवकर गेला. सकाळी डबे करून द्यायचे आणि पाच वाजता हार्मोनियम उघडायची, असं त्यांनी आयुष्य काढलं. गार्गीच्या जन्माच्या वेळी सुनंदाला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, तेव्हा चार महिने आमच्याही घरी त्यांचाच डबा यायचा. भाजीत तेल कमी, पोळ्या मऊ, आणि आजारी बाईसाठी वेगळ्या छोट्या डब्यात मऊ भात. न सांगता.

"अनिल, तू म्हणे त्या तबकड्या कॉम्प्युटरमंदी भरून राहिला," त्या म्हणाल्या.

"हो ताई."

"मग माह्यावाली बी भर ना. मागचा आवाज आहे म्हणे त्याच्यात. मले तो ऐकाचा आहे."

त्यांची तबकडी म्हणजे काय, हे सांगायला हवं. गार्गीच्या जन्माच्या आधीच्या डिसेंबरात आमच्या मंडळात बाहेरचे एक मोठे गवई येणार होते. त्यांचं गाणं टिपून घ्यायला परदेशातली एक छोटी कंपनी दोन माणसं घेऊन आली होती. त्यांनी समोर तर माइक लावलेच, पण सभागृहाच्या मागेही दोन उभे केले. घरी सहा स्पीकर लावून ऐकलं, की पुढून गाणं आणि पाठीमागून सभागृह ऐकू यावं, अशी ती योजना. गवयांची गाडी लेट झाली. लोक बसलेले. कुणाला तरी बसवणं भाग होतं. मी कुमुदताईंना निरोप धाडला, आणि त्या आल्या. बावीस मिनिटं गायल्या. मग मोठे गवई पोचले आणि ताई उठून मागे गेल्या. वर्षभरानं तबकडी आली, तर शेवटी ती बावीस मिनिटंही होती. त्या परदेशी माणसाला ती आवडली होती म्हणे. मंडळात पेढे वाटले. भाषण मीच केलं.

ताईंनी ती तबकडी साध्या सीडी प्लेयरवर ऐकली होती. त्यात पुढचे दोनच आवाज येतात. सहा स्पीकरांचं यंत्र त्यांच्या ओळखीत कुणाजवळच नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं, पण मी तसं कधी कुणाला सांगितलं नाही.

"मागचं काहून ऐकायचं आहे ताई?" मी विचारलं.

"लोक काय म्हणत होते ते ऐकाचं आहे. तो गोरा मले म्हणाला होता, मागं बहुत चांगली दाद आली म्हणून. मी तर डोळे मिटून गात होती. मले काय ठाऊक."

मी दुसऱ्या दिवशी माझ्याजवळची प्रत प्लेयरात घातली. गार्गी आत अभ्यास करत होती, घरात कूलरच्या पाण्याचा तेवढा आवाज. तासाभरात सगळं कॉम्प्युटरवर उतरलं. कॉम्प्युटरवर एक सोय असते, सहा आवाज सुटे करून एकेक ऐकता येतो. मी मागचे दोन सुटे केले आणि हेडफोन लावले.

आधी नुसतं सभागृह. खुर्च्या करकरल्या, कुणी खोकलं, लांबून ताईंचा आवाज. मग एका जागी बारीक "वाह", मग दोन-तीन जणांचं. दाद खरोखर होती. मला बरं वाटलं, जसं काही ती मीच दिली होती. अकराव्या मिनिटाला मध्यलय सुरू झाली होती, तबलजी नुसता ठेका देत होते, ताई श्वास घेत होत्या. आणि डाव्या कानात, अगदी कानाला तोंड लावल्यासारखा, एक माणूस बोलला.

"हिच्या गाण्याले फोडणीचा वास येऊन राहिला. गाडी आली का पाहा, उठवू हिले."

आणि दुसरा कुणी नाकातून हसला.

तो पहिला आवाज माझा होता.

मला ते बोलल्याचं आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण मी कुठे बसलो होतो ते आठवतं. दाराजवळ, शेवटच्या रांगेत, पाहुणे आले की धावता यावं म्हणून. माइकचा एक स्टँड माझ्या खुर्चीला लागूनच होता. शेजारी मंडळाचे एक सभासद होते. मी असलं बोलायचोच. हुशारीचं वाटायचं. पाव तासापूर्वी त्याच सभागृहात मी ताईंना "रायपूरचं भूषण" म्हणून मंचावर बसवलं होतं.

स्वतःचा आवाज टेपवर कुणालाच आवडत नाही. पण हे ते नव्हतं. त्या आवाजात एक तेलकट मजा होती. बोलून झाल्यावर मी ओठ मिटले, त्याचा चपकन आवाजही त्यात आला आहे. इतकी बारकाई. याच बारकाईसाठी मी पाहुण्यांना सोफ्यावर खिळवून ठेवत होतो. मी ते वाक्य त्या दुपारी किती वेळा ऐकलं सांगता येत नाही. तोंड धुवायला गेलो तर आरशात दोन्ही गालांवर काळे कपटे.

आणि तरीही मी पहिला विचार काय केला असेल, तर हे झाकायचं कसं.

ताईंच्या मोबाईलसाठी सहा आवाजांचे दोन करावे लागणार होते. मागचा आवाज त्यात मिसळायचा. तेवढ्या जागी मागचा आवाज बंद करून पाहिला, तर सभागृहच नाहीसं व्हायचं, कुणी अचानक कानात कापूस कोंबल्यासारखं. म्हणून मी ते सहा सेकंद सगळ्यातूनच कापून टाकले आणि दोन टोकं जोडली. तानपुरा सलग वाटत होता. मी चार वेळा ऐकलं. मला काही कळलं नाही, म्हणजे कुणालाच कळणार नाही, असं मी धरून चाललो.

रविवारी सदर बाजारातून स्कूटर काढत बूढ़ापाऱ्यात गेलो. ताईंनी लिंबाचं सरबत दिलं. मी फाइल त्यांच्या मोबाईलमध्ये टाकली आणि माझे हेडफोन पुसून त्यांच्या कानावर ठेवले. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. दाद आली तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. उजव्या हाताची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती.

अकराव्या मिनिटाला ती बोटं थांबली.

त्यांनी डोळे उघडले. "मागं घे."

मी मागे घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच पडद्यावर बोट ठेवून मागे घेतलं. मग हेडफोन काढले. पांढऱ्या केसांवर काळे कण पडले होते, त्यांना ते दिसले नाहीत.

"इथं सम लवकर आली रे. सोळा मात्रा झाल्याच नाहीत." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "मी चुकली होती का?"

"नाही ताई, तुम्ही कशाला चुकाल."

"मग हे काय आहे? इतकी वर्सं मी पोरींले सांगत आली, का त्या दिवशी माह्यं एकही आवर्तन चुकलं नाही. डब्याची बाई, वेळ काढाले बसवलं होतं मले, ठाऊक होतं. म्हणून तर एकेक मात्रा मोजून गायली होती मी." त्यांनी हेडफोन मांडीवर ठेवले. "घाबरली असन. तबलेवाल्यानं सांभाळून घेतलं असन. म्हणून कोणी बोललं नाही."

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "मशीनची गडबड असेल ताई. पुन्हा करून आणतो."

"पाय बाप्पा, जमते का," त्या म्हणाल्या. "मले झोप नाही येणार."

गोल बाजारापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा मला उपाय सुचला, आणि सुचल्याचा आनंदही झाला, हे लिहून ठेवतो. सहा सेकंद कापले म्हणून ताल मोडला. पूर्ण सोळा मात्रा कापल्या तर सम बरोबर जागी येईल. घरी येऊन तसंच केलं. सम अगदी चोख आली. पण माझ्या वाक्याच्या पाठोपाठ ताईंनी एक जागा घेतली होती, खालच्या स्वरावरून, न हिसकता, पाणी चढत जावं तशी वर गेलेली. बावीस मिनिटांतली सगळ्यात सुंदर जागा. सोळा मात्रांमध्ये ती अर्धी जात होती. पडद्यावर माझं वाक्य एका छोट्या गाठीसारखं दिसत होतं आणि त्याच्या शेजारी ताईंची ती जागा, आणि दोन्हींवर मिळून मी निळी खूण केली होती, पुसण्यासाठी.

गार्गी पाणी प्यायला बाहेर आली. म्हणाली, "बाबा, तबीयत ठीक है ना? पसीना आ रहा है आपको."

मी खूण काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा ताईंकडे गेलो. या वेळी सरबत घेतलं नाही. "ताई, मशीन नाही चुकली," मी म्हणालो. "मी कापलं होतं. त्या जागी माझा आवाज आहे. तुमच्याबद्दल वाईट बोललो आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला, हेडफोनसाठी.

मी न कापलेली फाइल लावून दिली आणि वाट पाहत बसलो. गल्लीतून स्कूटर जात होत्या, कूलरच्या गवताचा ओला वास खोलीत भरला होता. त्यांची बोटं मांडीवर चालू होती. ते वाक्य केव्हा आलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. बोटं थांबली नाहीत. पुढे कुठेतरी त्यांनी मान हलवली, हलकेच, सम आल्यावर गाणारी माणसं हलवतात तशी.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सोळा."

मला वाटलं, वाक्य निसटलं की काय. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "वास तर येतच असन. वीस डबे करून धावत आली होती मी त्या दिवशी. केस धुवाले वेळ नाही भेटला."

"ताई, मी..."

"एक डबा तुह्या घरचा होता त्याच्यात."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. हिशेबी बाईनं संख्या बरोबर सांगावी तसं म्हटलं. मी माफीचे शब्द वाटेभर जुळवून आणले होते. ते तोंडात तसेच राहिले, चावून चोथा झालेल्या घासासारखे. ना गिळता येईना, ना थुंकता.

"हेच राहू दे मोबाईलमंदी," त्या म्हणाल्या. "कापलेलं काढून टाक. आन् आता ऊठ, पोट्ट्या येतीन क्लासच्या."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नव्हती. गार्गी पास झाली, पुण्याला गेली. बाकीच्या तबकड्या मी उतरवल्या नाहीत. तो प्लेयर पुन्हा कुणाच्या तरी माळ्यावर गेला. मंडळाचं सचिवपद सोडायला मला आणखी वर्ष लागलं, आणि तेही तब्येतीचं कारण सांगून. कुमुदताई भेटल्या की नेहमीसारख्या बोलतात. सुनंदाच्या गुडघ्याची चौकशी करतात. मला ते रागावण्यापेक्षा जड जातं, पण त्यात त्यांचा काय दोष.

यंदा वसंत पंचमीला मंडळात त्यांच्या शिष्यांचा कार्यक्रम होता. नवा सचिव तापानं पडला, म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी थोडक्यात उरकलं. खाली उतरलो तर पायरीजवळ सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी तानपुरा धरून उभी होती. खिलेश्वरी तिचं नाव, यादीत वाचलं होतं मी. ती मान कलती करून माझ्याकडे पाहत होती.

"अंकल, वो रिकॉर्डिंग में पीछे जो बोलते हैं, वो आप हैं ना?"

आजूबाजूला माणसं होती. नाही म्हणणं सोपं होतं. कोणती रिकॉर्डिंग, असंही म्हणता आलं असतं.

"हव," मी म्हणालो. "मैं ही हूँ."

तिनं मान डोलावली. अंदाज बरोबर निघाला, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. "कुमुद दीदी ने नाम नहीं बताया कभी. पर हम सबके मोबाइल में है. दीदी बोलती हैं, कोई कुछ भी बोले, उस जगह पे गिनती नहीं छोड़ना है. हम लोग तो वहीं से गिनना सीखे हैं."

मग तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती तानपुरा उचलून मंचावर गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला तो गिळता आला असता.